परशा दोनदा वाचताना

परशा, म्हणजे त्या आठवड्यासाठी नेमलेला तोराचा (यहुदी धर्मग्रंथाचा) भाग, शुक्रवारवर ढकलू नका. एका वर्षी ‘मिश्पातीम’ ही परशा मी शुक्रवारी दुपारी उघडली. ११८ वचनं, त्यांत ५३ मित्स्वोत (आज्ञा; एक असेल तर मित्स्वा). शब्बाथचे, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या विश्रांतिदिवसाचे, दिवे लागेपर्यंत नजर ओळींवरून धावली, मनात काहीच उरलं नाही.

आता रविवारपासून रोज एक आलिया (परशेच्या सात भागांपैकी एक) वाचतो, शुक्रवारी दोन. शब्बाथला तोरा वाचताना सात जणांना बोलावतात, तेच सात भाग घरीही सोयीचे पडतात.

पद्धत तलमूदच्या (जुन्या रब्बींच्या चर्चांच्या संग्रहाच्या) बेराखोत या खंडातली: मूळ हिब्रू दोनदा, तार्गुम एकदा. तार्गुम म्हणजे ओंकेलोसचं अरामी भाषांतर. त्याऐवजी मध्ययुगीन भाष्यकार रशीचं भाष्य वाचलं तरी चालतं असं शुल्खान आरूख हा यहुदी नियमग्रंथ सांगतो. देवभीरू माणूस मात्र दोन्ही वाचतो. माझी अरामी कच्ची, म्हणून मी रशी धरला आहे. नुसती गावांची नावं आली तरी गाळायची नाहीत. गणना ३२:३ मधल्या अटारोथ आणि दिबोनचं नाव घेऊनच तलमूद हे बजावतो.

पहिल्यांदा सलग वाचा. दुसऱ्यांदा मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत. निर्गम २३:५ घ्या. तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं, तर मदत कर. पहिल्या वाचनात मला फक्त तो द्वेष करणारा दिसला, कारण तेव्हा एका नातेवाइकाशी माझं बोलणं बंद होतं. दुसऱ्यांदा ‘इम्मो’ या शब्दापाशी थांबलो: ‘त्याच्यासोबत’. या एवढ्याशा शब्दावर मिश्नाने, म्हणजे तलमूदच्या मुळाशी असलेल्या कायदेसंग्रहाने, कायदा उभा केला आहे. मालक बाजूला बसून “मित्स्वा तुझी, तूच उतरव” म्हणाला, तर तुमच्यावर बंधन नाही. तो म्हातारा किंवा आजारी असेल तर मात्र आहेच. पुढे तलमूदच्या बावा मेत्सिया या खंडात विचारलंय, मित्राचं ओझं उतरवायचं आहे आणि शत्रूचं चढवायचं आहे, आधी कुणाकडे जायचं? शत्रूकडे, म्हणजे आपली येत्सेर (मनाची वाईटाकडची ओढ) वाकते. त्या आठवड्यात त्या नातेवाइकाला मी फोन केला.

असा शब्द सापडला की त्या दिवशी पुढची आलिया अर्धी राहिली तरी मी हळहळत नाही.

शब्बाथच्या सकाळच्या जेवणाआधी वाचन संपवणं उत्तम. नाही जमलं तर मिन्खापर्यंत (दुपारच्या प्रार्थनेपर्यंत), तेही हुकलं तर पुढच्या बुधवारपर्यंत. सिम्खात तोरापर्यंत (वर्षाचं तोरावाचन संपतं त्या सणापर्यंत) सवलत देणारंही एक मत आहे, पण मी त्यावर विसंबत नाही. राहिलेला भाग मंगळवारी रात्री, चालू परशेची आलिया झाल्यावर संपवतो.