डोमेन तुमचं, मेल भामट्याचा : डीमार्क लावताना या चुका टाळा

मार्च-एप्रिलात देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांकडे हापूसच्या पेट्यांच्या ऑर्डरी येऊ लागतात. त्याच सुमाराला तारकर्ली, गुहागर, हर्णैच्या होमस्टेंमध्ये मे महिन्याच्या सुट्टीची आगाऊ बुकिंग सुरू होतात. पैसे आधी, आंबा किंवा खोली नंतर. नेमक्या याच दिवसांत तुमच्याच डोमेनच्या पत्त्यावरून पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला मेल जाऊ शकतो : 'आमचं बँक खातं बदललंय, आगाऊ रक्कम इथे भरा.' त्यासाठी भामट्याला तुमचा पासवर्डही लागत नाही. ईमेलची मूळ रचनाच अशी आहे की पाठवणाऱ्याच्या रकान्यात कोणीही कोणाचंही नाव घालू शकतो.

यावर उपाय आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाच्या इंटरनेटवरच्या सार्वजनिक नोंदवहीत, तीन नोंदी करायच्या. तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, याची यादी म्हणजे एसपीएफ. मेलवरची डिजिटल सही म्हणजे डीकेआयएम. आणि या तपासणीत मेल नापास झाला तर त्याचं काय करायचं, हे समोरच्या सर्व्हरला सांगणारी नोंद म्हणजे डीमार्क. नोंदी करणारे बरेच आहेत. त्या अर्धवट सोडणारे त्याहून जास्त.

'नन'वर थांबू नका

डीमार्कची धोरणं तीन : नन, क्वारंटाइन आणि रिजेक्ट. 'क्वारंटाइन' म्हणजे स्पॅममध्ये टाका, 'रिजेक्ट' म्हणजे घेऊच नका. 'नन' म्हणजे नुसतं बघा, अडवू नका. सुरुवात इथूनच करायची असते. पण वेबसाइट करून देणारा मुलगा 'नन' लावून बिल घेऊन जातो आणि मालकाला वाटतं, झालं संरक्षण. तसं काही झालेलं नसतं. खोटा मेल पूर्वीसारखाच पोचत राहतो. फेब्रुवारी 2024पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना डीमार्क सक्तीचं केलं. त्या अटीला 'नन' पुरतं, म्हणून हा गैरसमज आणखी पसरला.

उलट टोकही वाईट. हंगाम ऐन भरात असताना एकदम 'रिजेक्ट' लावलं, तर तुमचीच बिलं परत फिरतील. हे काम पावसाळ्यात करा, गिऱ्हाईक कमी असताना. आधी 'नन'वर काही आठवडे अहवाल बघा, मग क्वारंटाइन, मग रिजेक्ट.

हे अहवाल मेल घेणारे सर्व्हर डीमार्कच्या नोंदीत दिलेल्या पत्त्यावर पाठवतात. ते एक्सएमएल फाइलच्या रूपात साधारण रोज येतात आणि वाचायला किचकट असतात. तरी वाचाच, ते सोपे करून दाखवणाऱ्या मोफत सेवा आहेत. तुमच्या नावाने कोण कोण मेल पाठवतंय, हे दुसरीकडे कुठेच कळत नाही. अहवालासाठी पत्ता मात्र स्वतःच्याच डोमेनवरचा द्या. दुसऱ्या डोमेनवरचा दिलात, तर त्या डोमेनने आपल्या डीएनएसमध्ये तशी परवानगी नोंदवलेली असावी लागते.

एसपीएफ पास, तरी डीमार्क नापास?

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. एसपीएफ तपासतं तो लिफाफ्यावरचा परतीचा पत्ता. गिऱ्हाइकाला दिसतो तो आतल्या पत्रावरचा. डीमार्कला या दोन्हींचं डोमेन जुळायला हवं असतं. तुम्ही बुकिंगचं सॉफ्टवेअर किंवा बिलिंगची सेवा वापरत असाल, तर ती आपल्या लिफाफ्यातून मेल पाठवते. एसपीएफ पास होतं, पण ते त्या सेवेच्या डोमेनसाठी. तुमचं डोमेन जुळत नाही आणि डीमार्क नापास.

मार्ग डीकेआयएमचा आहे. त्या सेवेच्या सेटिंगमध्ये 'डोमेन ऑथेंटिकेशन' असा काहीसा भाग असतो. तिथल्या नोंदी तुमच्या डीएनएसमध्ये घातल्या की सही तुमच्या डोमेनची होते. एसपीएफ आणि डीकेआयएम यांपैकी एक जुळलं तरी डीमार्कला चालतं. गिऱ्हाइकाने मेल आपोआप पुढे पाठवायची सोय केली असेल, तर एसपीएफ बहुधा तुटतं, पण मजकूर बदलला नाही तर डीकेआयएमची सही टिकते. म्हणून नुसत्या एसपीएफच्या भरवशावर 'रिजेक्ट'ला जाऊ नका.

डीएनएसमधले घोळ

एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद असते. नवी सेवा घेतली म्हणून दुसरी नोंद घातली की दोन्ही बाद. जुन्या नोंदीतच भर घाला. त्या नोंदीतून होणाऱ्या डीएनएस चौकशांना 10ची मर्यादा आहे, तेव्हा वापरात नसलेल्या सेवा काढून टाका. आणखी एक : डीमार्कच्या नोंदीचं नाव भरताना काही होस्टिंग पॅनेल पुढे डोमेन आपोआप जोडतात. तुम्हीही ते लिहिलंत तर डोमेन दोनदा येतं आणि नोंद कोणालाच सापडत नाही.

घेऊन ठेवलेल्या, पण मेलसाठी न वापरलेल्या डोमेनवरही 'रिजेक्ट' लावा. भामट्यांना अशी बेवारस नावं सोयीची पडतात.

सगळं झाल्यावर स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा आणि तो संगणकावर उघडून 'शो ओरिजिनल' बघा. तिन्हींपुढे 'पास' दिसलं पाहिजे. बुकिंगच्या सॉफ्टवेअरमधून आणि बिलिंगमधूनही वेगळा मेल पाठवून बघा.

डीमार्क फक्त तुमचं नेमकं डोमेन राखतं. एखादं अक्षर फिरवून घेतलेलं मिळतंजुळतं डोमेन किंवा चोरलेलं खातं त्याला अडवता येत नाही. म्हणून प्रत्येक बिलावर ठळक लिहा : खाते क्रमांक बदलल्याचं आम्ही मेलवर कधीच कळवत नाही, शंका आली तर फोन करा. आणि कोणी फसलंच, तर त्यांना तातडीने 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगा. रक्कम पुढे सरकण्याआधी रोखता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.