जुन्या ट्रेलरच्या मेकॅनिकल इंजिनमधून ताकद कशी काढायची, धूर न काढता

कळंबोलीला लोखंड बाजाराजवळ आमच्या दोन गाड्या उभ्या असतात, दोन्ही जुने ट्रेलर, दोन्हीत कमिन्सचं सहा सिलिंडरचं 5.9 लिटर 6बीटी इंजिन, डिझेलचा पंप इनलाइन, म्हणजे सहा सिलिंडरचे सहा पंप एका रांगेत, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, सगळं लोखंडाचं काम. उरणहून कंटेनर उचलायचा आणि भिवंडीला टाकायचा, मध्ये शिळफाटा आणि मुंब्रा बायपासचा चढ. त्या चढावर गाडी मागे पडायला लागली की मालकाच्या डोक्यात पहिला विचार येतो तो पंप वाढवायचा, म्हणजे डिझेल वाढवायचं. मी पण तेच केलं होतं आणि एक पिस्टन वितळवून बसलो. म्हणून हे लिहितोय, ज्याची गाडी जुनी आहे आणि खेचत नाही त्याने पंपाला हात लावायच्या आधी हे एकदा वाचून घ्या. ज्या गाडीला कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारी नवी डिझेल सिस्टीम) आणि ईसीयू आहे तिला यातलं पंपाचं काही लागू नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते आणि डिझेल इंजिनला त्याहून बरीच जास्त हवा दिली तरच धूर येत नाही. म्हणजे पॉवर हवी असेल तर आधी हवा वाढली पाहिजे, मग डिझेल. नुसतं डिझेल वाढवलं की काळा धूर येतो, धूर बघून ड्रायव्हरला वाटतं गाडी जोर करतेय, पण तो धूर म्हणजे तुम्ही पैसे देऊन भरलेलं डिझेल आहे, न जळता बाहेर गेलेलं, आणि त्याबरोबर एक्झॉस्टचं तापमान चढतं ते वेगळंच.

दुसरी गोष्ट, टाटाच्या जुन्या मॉडेलच्या नंबरमध्येच हिशोब असतो, 2516 म्हणजे साधारण 25 टन आणि 160 हॉर्सपॉवर, 4018 म्हणजे साधारण 40 टन आणि 180. पंधरा वर्षं चाललेल्या इंजिनात तेवढी पॉवर उरलेलीच नसते. त्यामुळे पहिलं काम म्हणजे कंपनीने दिलेली पॉवर परत मिळवायची, आणि माझा अनुभव असा की बहुतेक गाड्यांना तेवढंच पुरतं.

सुरुवात फुकटच्या कामापासून करा. एकाला केबिनमध्ये बसवा, इंजिन बंद ठेवून ॲक्सिलेटर पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही खाली पंपाजवळ उभे राहून बघा की पंपाचा लिव्हर फुल स्टॉपच्या बोल्टला टेकतो का. आमच्या एका गाडीत चांगली बोटभर गॅप होती, पेडलखाली मॅट दुमडलेली आणि लिंकेजचे बुश झिजलेले, म्हणजे ड्रायव्हर बिचारा पाय तळाला लावून बसलाय आणि पंपाला निम्मं ॲक्सिलेटर पोचतंय. तो लिंकेज नीट केल्यावर गाडी वेगळीच वाटायला लागली, खर्च दोन बुशचा. लगेच एक्झॉस्ट ब्रेकचा फ्लॅप पण हलवून बघा, गंजून अर्धवट बंद अडकला असेल तर इंजिनचा श्वासच कोंडतो. आणि गाडी चालवून आणल्यावर प्रत्येक हबला हाताची पाठ जवळ नेऊन बघा, एखादा हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल तर ब्रेक चिकटतोय, तिथे तुमची पॉवर जातेय आणि तुम्ही इंजिनला दोष देताय.

मग हवेचा रस्ता. तळोजा एमआयडीसी आणि कळंबोलीची धूळ ज्याला माहीत आहे त्याला एअर फिल्टरबद्दल जास्त सांगायला नको, फक्त एवढंच की आतल्या बाजूने हलकी हवा मारून वर्षभर तोच फिल्टर वापरू नका, आणि भर पावसात भिजलेला कागदी फिल्टर तर नकोच. त्यापुढे टर्बोचे (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) होज, क्लॅम्प आणि इंटरकूलर, म्हणजे ती हवा थंड करणारी जाळी, असेल तर तो. साबणाचं पाणी करा, इनटेकची बाजू बंद करून थोडीशी हवा भरा, एक बारपेक्षा जास्त नको, आणि जोडांवर पाणी ओता, जिथे बुडबुडे तिथे लीक. होजच्या खालच्या बाजूला बारीक चीर असते ती नुसती बघून कधीच सापडत नाही, बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचं प्रेशर, आल्यावरच उघडते. टर्बोचा पंखा बोटाने फिरवा, पाती बॉडीला घासत असतील तर आधी टर्बो, बाकी सगळं नंतर.

आता एक असा फॉल्ट जो मी सगळ्यात जास्त बघितलाय. टर्बो गाडीच्या पंपावर मागच्या बाजूला एक चपटा डबा असतो, त्याला इनटेक मॅनिफोल्डवरून, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या पाइपवरून, एक बारीक पाइप येतो. आत डायफ्रॅम आणि स्प्रिंग असते, बूस्ट आला की डायफ्रॅम दाबला जातो आणि तेव्हाच पंप पूर्ण डिझेल सोडतो, म्हणजे हवा आल्याशिवाय डिझेल नाही, किती चांगली रचना आहे बघा. तो पाइप तुटला, ढिला झाला किंवा डायफ्रॅम फाटला की गाडी चढावर मेल्यासारखी होते, धूर पण नाही आणि खेच पण नाही. पाइप काढा, तोंडाने हवा ओढा आणि जिभेने भोक बंद करा, पकडून राहिलं तर डायफ्रॅम चांगला. मेकॅनिकने इंजिन उघडायचा सल्ला दिला असेल तरी आधी हे दोन मिनिटांचं काम करा.

डिझेलची बाजू पण तशीच. टाकीचा श्वासाचा होल, सेडिमेंटर (डिझेलमधलं पाणी-गाळ खाली बसवणारी वाटी), दोन्ही फिल्टर, फीड पंपची जाळी, बँजो बोल्टचे (डिझेलचा पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर, हे सगळं तपासा. पंपाच्या रिटर्नला जो ओव्हरफ्लो वॉल्व्ह असतो त्याची स्प्रिंग बसली की पंपाच्या गॅलरीत प्रेशर राहत नाही आणि लोडवर डिझेल कमी पडतं. छोटी वस्तू आहे, बदलून टाका.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची गॅप, इंजिन थंड असताना लावायची, शक्यतो रात्रभर उभी राहिलेली गाडी. 6बीटीला इनटेक 0.25 मिमी आणि एक्झॉस्ट 0.51 मिमी, फायरिंग ऑर्डर 1-5-3-6-2-4. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनला (दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना) टॉपवर आणा आणि एक नंबरचे दोन्ही, दोनचा इनटेक, तीनचा एक्झॉस्ट, चारचा इनटेक, पाचचा एक्झॉस्ट लावा, मग क्रँक पूर्ण एक फेरा फिरवा आणि उरलेले सहा लावा. फिलर गेज हलका अडकत सरकला पाहिजे, ओढून काढावा लागला तर टाइट आहे. दुसरं इंजिन असेल तर त्याचे आकडे वेगळे, व्हॉल्व्ह कव्हरवरची प्लेट किंवा मॅन्युअल बघा, शेजारच्या गाडीचा आकडा लावू नका.

नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे तुकडे, काढून टेस्टरवर लावा. सहाही जवळजवळ एकाच प्रेशरला सुटले पाहिजेत, फवारा धुक्यासारखा आणि सुटल्यावर टोकाला थेंब नको. थेंब गळणारा नोझल पिस्टनवर एकाच जागी आग लावतो, माझा पिस्टन असाच गेला, वर डिझेल वाढवलेलं आणि खाली नोझल गळतोय. टेस्ट करताना फवाऱ्यासमोर हात नेऊ नका, ते डिझेल कातडीतून आत घुसतं आणि बाहेरून फक्त सुई टोचल्यासारखं दिसतं, असं झालं तर वाट न बघता सरळ हॉस्पिटल.

टायमिंगचं, म्हणजे पंप नेमकं कधी डिझेल सोडायला लागतो त्याचं, थोडं सविस्तर सांगतो कारण इथे लोक अंदाजाने पंप हलवतात. हात लावायच्या आधी पंपाच्या फ्लॅंजवर आणि इंजिनवर छिन्नीने सरळ एक खूण मारा, म्हणजे चुकलं तर परत येता येतं. मग एक नंबरची डिलिव्हरी होल्डर खोलून आतला वॉल्व्ह आणि स्प्रिंग काढायची, होल्डर परत लावून त्यावर वाकडी नळी, हँड प्रायमर मारत राहायचं आणि इंजिन फिरतं त्याच दिशेने हळूहळू फिरवायचं. डिझेलची धार बारीक होत होत थेंबावर येते, दहा-पंधरा सेकंदाला एक थेंब पडला की थांबा, तो इंजेक्शन सुरू व्हायचा क्षण. आता फ्लायव्हीलवरचा किंवा पुलीवरचा आकडा इंजिनच्या प्लेटवरच्या आकड्याशी जुळवा. उलटं फिरवून जुळवू नका, गिअरमधली गॅप आकडा खोटा दाखवते. आणि पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे पंप एक डिग्री हलला की टायमिंग दोन डिग्री बदललं, म्हणून केसाएवढं हलवायचं. टायमिंग मागे असेल तर गाडी सुस्त, सकाळी पांढरा धूर आणि एक्झॉस्ट गरम. जास्त पुढे केलं तर आवाज कडक होतो, गाडी चुणचुणीत वाटते पण प्रेशर हेड गॅस्केट आणि बेअरिंगवर येतं. प्लेटवर जे आहे ते ठेवा.

एवढं झाल्यावरच पंप दुकानात टेस्ट बेंचवर द्या. सहा काचेच्या नळ्यांत डिझेल मोजतात ते स्वतः उभं राहून बघा, सहाही नळ्या सारख्या भरल्या पाहिजेत. एक सिलिंडर जास्त आणि एक कमी असेल तर एकूण डिझेल बरोबर असूनही धूर येतो, पॉवर येत नाही. कॅलिब्रेशनचा आकडा इंजिनच्या मॉडेलप्रमाणे कागदावर मागून घ्या. मी ज्या दुकानात पंप दिला होता तिथे मला विचारलं, किती वाढवू, आणि मी म्हटलं द्या थोडं जास्त, ना त्याने आकडा लिहिला ना मी मागितला. मुंब्रा बायपासला गाडी अशी चढली की आम्ही खूश, पुढच्या महिन्यात बोरघाटात तिसरा सिलिंडर गेला.

डायफ्रॅमखाली जे दातेरी चाक असतं त्याने स्प्रिंगचा ताण बदलतो, म्हणजे डिझेल लवकर येणार की उशिरा, जास्तीत जास्त किती येणार ते नाही. गाडी उचल घेताना मरगळलेली असेल तर तिथे एक-दोन दातांचा फरक करून बघा, गिअर टाकताना धुराचा भपका यायला लागला की मागे. फुल लोडचा स्टॉप (जास्तीत जास्त डिझेल ठरवणारा) आणि गव्हर्नरचा (इंजिनचा वेग आवरणारा) सील स्वतः तोडू नका. गव्हर्नर सैल केला आणि रॅक, म्हणजे पंपात डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, अडकली तर इंजिन पळत सुटतं, तेव्हा चावी काही कामाची नाही, पंपाचा स्टॉप लिव्हर नाहीतर एअर इनटेकवर जाड फळी, हाताने कधीच नाही.

ज्यांना तरी वाढवायचंच आहे त्यांनी आधी दोन मीटर लावावेत, मॅनिफोल्डला बूस्टचा आणि टर्बोच्या आधी एक्झॉस्टचा पायरोमीटर, म्हणजे तापमानाचा मीटर. सलग चढावर 650 ते 700 डिग्रीच्या पुढे जाऊ देऊ नका, चढायला लागला की गिअर कमी. टर्बोच्या नंतर लावलेला मीटर बराच कमी दाखवतो, त्यावर विश्वास ठेवून पिस्टन जातात. कायद्याने कंपनीच्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही, इन्शुरन्सला पण अडचण होऊ शकते, आणि पीयूसीला बीएस4 च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा 65 एचएसयू (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) आहे, डिझेल वाढवलेली गाडी तिथेच अडकते. जेएनपीए बंदराच्या रांगेत आपल्या मागे उभा असलेला माणूस तोच धूर खातो हे पण लक्षात ठेवा.

काम झाल्यावर भरलेली गाडी घेऊन रोजच्याच चढावर जा, तोच गिअर, तेवढाच लोड, कुठल्या खांबापाशी गिअर पाडावा लागला ते लिहून ठेवा. आमची गाडी आधी बायपासच्या चढाच्या मध्यावर चौथ्यावरून तिसऱ्यावर यायची, आता लिंकेज, डायफ्रॅम, नोझल आणि टायमिंग एवढ्यावर चौथ्यातच वर जाते, डिझेलचा स्टॉप आहे तिथेच आहे. डायरीत तारीख, किलोमीटर, टायमिंगचा आकडा आणि बेंचचा कागद चिकटवलाय, पाचशे किलोमीटरनंतर नोझलच्या पाइपचे नट आणि टर्बोचे क्लॅम्प परत एकदा पाना लावून बघितले, दोन सैल निघाले.