स्मॅश नेटमध्ये जातोय? आधी लिफ्ट बघा

स्मॅश नेटमध्ये गेला की बाहेर उभे असलेले सगळे मारणाऱ्या मुलीवरच ओरडतात. उडी कमी पडली, हात उशिरा आला. मी सोलापुरात मुलींना व्हॉलीबॉल शिकवते आणि माझं ठाम मत आहे, की स्मॅशरला काही बोलायच्या आधी तिला मिळालेली लिफ्ट, म्हणजे मारण्यासाठी लिफ्टरने उंच करून दिलेला बॉल, बघावी. चांगल्या लिफ्टची खूण एकच: मारणारीसमोर सरळ लाइन (साइडलाइनला धरून) आणि क्रॉस (तिरका), दोन्ही वाटा उघड्या हव्यात. एक वाट बंद झाली, तर नेटपलीकडे हात उंचावून बॉल अडवणाऱ्या ब्लॉकरचं अर्धं काम आपणच करून दिलं.

सगळ्यात आधी नेटपासूनचं अंतर सांभाळा. चार नंबरला, म्हणजे नेटजवळच्या आपल्या डाव्या टोकाला, बॉल नेटपासून पाऊण ते एक मीटरवर यावा. तो नेटला चिकटला, तर हात पूर्ण फिरवताच येत नाही आणि समोरच्या ब्लॉकरचे हात आधी पोहोचतात. असा बॉल जोरात मारू नका, ब्लॉकच्या बाहेरच्या हातावर ढकलून बाहेर काढा. दोन मीटर मागे पडला, तर खाली मारायचा कोन जातो. मुलींचं नेट २.२४ मीटर उंच असतं, त्यामुळे मागून येणारा बॉल मनगट वरून फिरवून लांब, मागच्या कोपऱ्यातच टाकावा.

लिफ्ट अँटेनापर्यंत, म्हणजे साइडलाइनवर नेटला लावलेल्या उभ्या काठीपर्यंत, गेलीच पाहिजे. ती आत पडली की मधल्या ब्लॉकरला कमी पळावं लागतं आणि दोघी ब्लॉकरच्या हातांमधली फट बुजते. उंचीची मात्र नवख्या मुलींनी फार चिंता करू नये, ती दर वेळी सारखी असली की झालं. स्मॅशर आपली तीन पावलं त्या उंचीवरच बसवते. आज उंच, उद्या बुटकी लिफ्ट मिळाली की ती बॉलखाली घुसते, बॉल खांद्यामागे राहतो आणि खांदा दुखायला लागतो.

सरावासाठी ग्राउंडवर फक्कीने हातभर रुंदीचं वर्तुळ काढा. नेटपासून एक मीटर, साइडलाइनच्या अर्धा मीटर आत. लिफ्टरने लिफ्ट द्यायची आणि बॉल कुणीही मारायचा नाही, खाली पडू द्यायचा. कुठे पडला ते लिफ्टरने स्वतः बघावं. हात बिघडण्याआधी तिचे पाय बिघडलेले असतात: बॉलखाली वेळेत पोहोचली नाही की ती हात लांबवून लिफ्ट देते. कपाळासमोर बॉल, उजवा पाय किंचित पुढे, खांदे चार नंबरकडे. दहातले सात वर्तुळात पडू लागले, की मगच स्मॅशर उभी करा.

पास, म्हणजे लिफ्टरकडे येणारा पहिला बॉल, तीन मीटर लाइनच्या मागे गेला, तर तीन नंबरला (नेटच्या मध्यावर) क्विक, म्हणजे बुटकी झटपट लिफ्ट, देऊ नका. तिथून उंच बॉल चार नंबरला, बस्स.

स्मॅशरने हाक द्यावीच, आणि बॉल लिफ्टरच्या हातात पडण्याआधी. माझ्याकडे पूर्व भागातून येणाऱ्या मुली तेलुगूत ओरडतात, बाकीच्या मराठीत. वेळेवर ओरडल्या म्हणजे झालं.

आता वारा. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो आणि बहुतेक सराव उघड्यावरच असतो. कोर्ट दक्षिणोत्तर आखलेलं असेल, तर वारा नेटच्या रेषेतच वाहतो. उत्तरेकडे तोंड करून खेळताना आपला चार नंबर पश्चिमेला येतो, लिफ्ट वाऱ्याच्या विरुद्ध जाते आणि आत पडते. तेव्हा थोडी बुटकी आणि जोरात द्यावी. दक्षिणेकडे तोंड असताना तीच लिफ्ट वारा अँटेनाबाहेर नेतो, म्हणून हात आवरून द्यावी. पाचव्या सेटमध्ये ८ गुणांवर बाजू बदलते. त्या वेळी लिफ्टरला वाऱ्याची आठवण बेंचवरून मोठ्याने करून द्या.