जुनी वस्तू घेताना: भाव, तपासणी आणि दुकानातली वागणूक

मुंबईत जुना माल घ्यायला गेलेला माणूस बऱ्याचदा दोन तक्रारी घेऊन घरी येतो. "वापरलेल्या वस्तूचे एवढे पैसे?" आणि "धड बोलतसुद्धा नाहीत!" दोन्ही तक्रारी खऱ्या असतात. पण पुष्कळसे वाद क्रम उलटा झाल्यामुळे होतात. गिऱ्हाईक आधी भाव विचारतं, लगेच कमी करायला सांगतं आणि वस्तू मग न्याहाळतं. हा क्रम बदलला की भावही बदलतो आणि बोलण्याचा सूरही.

जुन्या वस्तूला छापील किंमत नसते. एमआरपी असते ती पाकिटबंद नव्या मालाला. त्यामुळे "एमआरपी 2,999, आमचा भाव 899" असा टॅग जुन्या शर्टावर दिसला तर त्यातल्या पहिल्या आकड्याकडे बघूच नका. दुकानदाराने वस्तू कितीला उचलली, दुरुस्तीवर काय घातलं, ती किती दिवस जागा अडवून बसली आहे आणि समोरचा माणूस किती आसुसलेला दिसतोय, यावर भाव ठरतो. पहिल्या तीन गोष्टी तुमच्या हातात नाहीत. चौथी आहे.

निघण्याआधीचा हिशेब

तशीच नवी वस्तू आज कितीला मिळते ते बघा. चालू, धडक्या अवस्थेतल्या जुन्या मालाला त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त देऊ नये, असा आमचा ठोकताळा आहे. त्यातून दुरुस्ती आणि वाहतूक वजा करा. समजा नवं टेबल 18,000 ला मिळतं. निम्मे झाले 9,000. पॉलिशला 2,500 आणि टेम्पो-हमालीला 1,500 लागणार असतील, तर दुकानात द्यायची कमाल रक्कम 5,000. हा आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि दुकानात उभं राहून तो वाढवू नका. अस्सल सागवान किंवा शिसम, आता बनत नसलेली वस्तू किंवा कुणी जमवत असलेला माल असेल तर हा ठोकताळा लागू नाही. तिथे चार दुकानांत विचारल्याशिवाय अंदाज येत नाही.

सोबत मोजपट्टी, लहान टॉर्च आणि लोहचुंबक घ्या. कपड्यांसाठी घरातला सर्वांत नीट बसणारा शर्ट जमिनीवर पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतची रुंदी, खांदा आणि उंची लिहून न्या. जुन्या कपड्यांवरच्या साइझच्या लेबलाचा भरवसा नसतो. ते देशागणिक बदलतं, शिवाय कपडा धुण्यात आटलेला असतो.

कपडे

आधी एक गोष्ट विचारून घ्या: "हे वापरलेलं आहे की सरप्लस?" आझाद मैदानासमोरच्या फॅशन स्ट्रीटवर एक्स्पोर्ट सरप्लसचा, म्हणजे निर्यातीच्या ऑर्डरमधून उरलेला माल पुष्कळ असतो. तो न वापरलेला असतो, पण शिलाईत किंवा रंगात खोट निघाल्यामुळे परत आलेलाही असू शकतो. लेबल कापलेलं किंवा त्यावर शाईने रेघ मारलेली दिसली तर तसा संशय घ्यावा.

कपडा दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात आणा. ट्यूबलाइटखाली घामाचे पिवळट डाग दिसत नाहीत. कॉलर, काखा, मांड्यांच्या आतली बाजू आणि अस्तर या चार जागा सोडू नका. उजेडासमोर धरला की कसरीची भोकं कळतात. इलॅस्टिक ताणून सोडा. ते कुरकुरलं किंवा परत आलं नाही तर बदलावं लागेल. चेन पूर्ण वर-खाली करून बघा.

रेक्झिनची जॅकेटं आणि पर्स यांबाबत आमचं ठाम मत आहे: पापुद्रे सुटायला लागले असतील तर फुकटही घेऊ नका. त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत विघटित होतो आणि मुंबईची हवा त्याला चांगलीच मानवते. एकदा सुरू झालेली ही झीज कोणत्याही क्रीमने थांबत नाही. बऱ्याच स्पोर्ट्स शूजच्या सोलमध्ये हाच पदार्थ असतो. अंगठ्याने जोरात दाबा. चुरा पडला किंवा खड्डा तसाच राहिला तर वरून कोरा दिसणारा बूट घातल्यावर थोड्याच दिवसांत तळातून सुटेल.

घरी आणलेला कपडा कपाटात ठेवण्याआधी, सोसत असेल तर 60 अंशाच्या पाण्यात धुवा. थंड पाण्याने ढेकणांची अंडी मरतील याची खात्री नसते.

फर्निचर

जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या रिलीफ रोडवर दुकानंच दुकानं आहेत आणि पॉलिश सगळीकडे चकाचक असतं. म्हणून समोरून बघू नका. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि त्याची मागची कड बघा. भरीव लाकडात वरच्या पृष्ठभागाचे रेशे कडेलाही पुढे जातात. कडेला बारीक पट्टी चिकटवलेली किंवा थरांच्या रेघा दिसल्या तर ते विनियर (वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) किंवा प्लाय आहे. प्लाय असण्यात वाईट काही नाही. सागवानाचा भाव मागितला तर मात्र हीच कड दुकानदाराला दाखवा.

पाय उलटे करून तळ बघा. मातीच्या रेघा म्हणजे वाळवी. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखी पांढुरकी पूड म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. भोकं जुनी असून पूड नसेल तर किडा बहुधा मेलेला असतो. बोटाने ठोकल्यावर ताजी पूड पडली तर वस्तू तिथेच सोडा, कारण ही कीड घरातल्या बाकीच्या लाकडालाही पोचते. सोफ्याच्या शिलाईत आणि पलंगाच्या सांध्यांत टॉर्च मारा. शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग ढेकणांचे असतात. जुनी गादी घेऊच नये.

सौदा करण्याआधी बिल्डिंगची लिफ्ट, जिन्याचं वळण आणि घराचं दार मोजलेलं हवं. दुकानदार "डिलिव्हरी फ्री" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा गेटपर्यंतची डिलिव्हरी त्याच्या मनात असते. मजल्याचे पैसे हमाल वेगळे मागतात आणि मग रस्त्यात भांडण जुंपतं. "चौथा मजला, लिफ्टमध्ये मावत नाही, घरात लावून देण्यासकट किती?" असा पूर्ण प्रश्न आधीच विचारा.

चोर बाजारातलं जुनंपुराणं

मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात. त्या दिवशी पहाटे रस्त्यावर जुना माल मांडला जातो. तिथे अंधारात वस्तू पारखावी लागते, त्यामुळे नवख्याने सुरुवात इतर वारी दुकानांपासून करावी. पितळ म्हणून दाखवलेल्या वस्तूला चुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. चिकटलं नाही म्हणजे पितळच असेल असं नाही, जस्ताच्या मिश्रधातूलाही चुंबक लागत नाही. ग्रामोफोन घेताना स्क्रू बघा. अधिक चिन्हाच्या खाचेचे, ज्यांना आपण स्टार स्क्रू म्हणतो, ते 1930 च्या दशकात बाजारात आले. 1920 चं म्हणून सांगितलेल्या यंत्रात असे स्क्रू असतील, तर ते नंतर उघडलेलं तरी आहे किंवा हल्ली जुळवलेलं तरी.

भाव बोलताना

सगळं बघून झाल्यावर भाव विचारा. दुकानातल्या पोऱ्याशी घासाघीस करू नका. त्याला भाव कमी करायचा अधिकार नसतो, वर शेठची बोलणी त्यालाच खावी लागतात. त्याच्या तुसड्या उत्तरामागे पुष्कळदा हेच असतं. "भाव कोण ठरवतं, त्यांच्याशी बोलू का?" एवढं विचारलं की तोही मोकळा होतो.

मग आकड्याआधी खोट दाखवा: "हा पाय हलतोय, पॉलिश करावं लागेल, मी 4,000 देईन." कारणासकट सांगितलेला आकडा अपमान वाटत नाही. "अर्ध्यात द्या" हे वाटतं. आणि घ्यायचं नसेल तर तोंडातून आकडा काढूच नका. तुम्ही सांगितलेल्या भावाला त्याने हो म्हटलं आणि तुम्ही पाठ फिरवलीत, तर या बाजारात ते दिलेला शब्द मोडणं समजतात. टोमणे मिळतात ते बहुधा इथे. सकाळी भवानी व्हायच्या आधी नुसतं बघायला जाणंही टाळा. घ्यायचं नक्की असेल तर मात्र तीच वेळ चांगली, पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जावं असं कुणाला वाटत नाही. फोटो काढण्याआधी विचारा.

हे सगळं पाळूनही कुणी अपमान केला तर आवाज न चढवता बाहेर पडा. मालाची कमी नाही. पण बॅग जबरदस्तीने तपासायला किंवा वाट अडवायला लागले तर ते सोसू नका. झडती घ्यायचा अधिकार दुकानदाराला नाही. 112 ला फोन करा.

कागद आणि तक्रार

बिल मागा. बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर "जुनं टेबल" एवढंच नको. "सागवान, 2 ड्रॉवर, एक पाय दुरुस्त" असं लिहून घ्या. यूपीआयने पैसे देताना नोंदीच्या रकान्यात वस्तूचं नाव टाका. वस्तूचा फोटो आणि ठरलेलं सगळं दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. तोंडी शब्दाचा पुरावा यातूनच उभा राहतो.

मोबाइल घेताना पैसे देण्याआधी *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक मिळवा. KYM, मोकळी जागा आणि तो 15 आकडी क्रमांक असा एसएमएस 14422 वर पाठवा. उत्तरात ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट आलं तर फोन परत ठेवा.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी शेवटचा शब्द नाही. माल सदोष असेल तर बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. जी खोट दाखवून भाव कमी केला तिच्यावर मात्र नंतर भांडता येत नाही. आधी लेखी मागणी करा, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे फी नाही आणि मुदत 2 वर्षांची आहे. नुसत्या उद्धट बोलण्यावर तिथे फारसं काही हाती लागत नाही. प्लायला सागवान म्हणून विकल्याचं बिल हातात असेल तर लागतं.