पुलाचा शेंदूर खरवडताना

मारुतीला तेलात कालवून लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. जुन्या पोलादी पुलांना गंज धरू नये म्हणून जवसाच्या तेलात कालवून तोच फासायचे. साइटवर त्याला रेडलेड म्हणतात. डिप्लोमा करून मी मुंबईत रुळांवरच्या एका ब्रिटिशकालीन पुलावर सुपरवायझर म्हणून लागलो, तेव्हा वरचा राखाडी थर उडाला की खाली केशरी दिसतं, एवढंच मला ठाऊक होतं.

माझी सगळी भिस्त मास्कवर. चहाची वेळ झाली की मास्क गळ्यात, हात पँटला पुसले की वडापाव. मुकादम तर त्याच केशरी तळहातावर तंबाखू-चुना मळायचा. तीन महिन्यांनी पोटात कळा सुरू झाल्या, संडास होईना. मी ॲसिडिटीच्या गोळ्या खात राहिलो. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी काम काय करता ते विचारलं आणि रक्तातलं शिसं तपासायला लावलं. डेसिलिटरला 3.5 मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की वाढलं म्हणतात. माझं 38 निघालं. मुकादमाचं त्याहून जास्त. ठेकेदार म्हणाला, "दूध प्या, गूळ खा." दुधा-गुळानं शिसं उतरत नाही. धुळीपासून लांब राहिलं की रक्तातलं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण हाडात मुरलेलं वर्षानुवर्षं तिथंच बसतं.

म्हणून नवीन असाल तर कामाला हात लावण्याआधी रक्त तपासून घ्या, म्हणजे पुढचा आकडा कशाशी ताडायचा ते कळेल. आणि विचारा, हात धुवायचा नळ कुठे आहे? "बघू" असं उत्तर आलं तर बाकीची व्यवस्थाही तशीच असते.

रंग कोरडा घासायचा नाही. पाणी मारून खरवडायचा. ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेनं कठीण कण मारून रंग उडवणं, करायचं तर चारी बाजूंनी बंद तंबूत, आतली हवा फिल्टरमधून ओढून. वाळू वापरायची नाही, तिच्यानं सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. पडलेली धूळ हेपा व्हॅक्यूमनं, म्हणजे बारीक धूळही अडवणारा फिल्टर असलेल्या व्हॅक्यूमनं उचलायची. झाडू नको, कॉम्प्रेसरची हवा तर नकोच. रिवेट, म्हणजे पोलादाचे भाग जोडणारा जाड खिळा, गॅसनं कापायचा असेल तर आधी भोवतालचा 4 इंच रंग काढा, नाहीतर शिशाचा धूर थेट छातीत जातो. खरवडलेला रंग बंद ड्रममध्ये, घातक कचरा म्हणून. आणि खाली 25 हजार व्होल्टची तार आहे. पॉवर ब्लॉक, म्हणजे तारेतली वीज ठरावीक वेळ बंद ठेवल्याची परवानगी, लेखी हातात आल्याशिवाय ओली ताडपत्री हलवायची नाही.

रंगकामाचं फार सांगत नाही, ते हाताखाली शिकाल. झिंक प्रायमर, मग इपॉक्सी, वर पॉलियुरेथेन. रिवेटची डोकी आणि कडा मात्र आधी ब्रशनं भरा, स्प्रे तिथं पातळ बसतो. मुंबईत खरा वैरी दमट हवा. हवेतलं पाणी ज्या तापमानाला दव होऊन बसतं तो दवबिंदू. पोलादाचं तापमान त्याच्या किमान 3 अंश वर नसेल तर ब्लॉक मिळालेला असूनही रंगाचा डबा उघडायचा नाही. पहाटे चारला असं हात बांधून बसताना जीव जळतो.

कपडे साइटवरच बदला. मी ते पहिले तीन महिने घरी नेले, पोरीच्या फ्रॉकांबरोबर एकाच बादलीत भिजले.

मुकादमानं तंबाखू सोडली नाही. आता बायको घरीच मळून डबीत भरून देते. पण चिमूट उचलायलाही हात लागतोच, म्हणून चहाच्या वेळी नळावर पहिला नंबर त्याचा.