बॅटरीचे टर्मिनल साफ करताय? या चुका टाळा

बॉनेट उघडलं आणि टर्मिनलवर पांढरं किंवा हिरवट-निळं काहीतरी फुलून आलेलं दिसलं की बरेच जण वरून गरम पाणी ओततात, थोडा ब्रश मारतात आणि बॉनेट बंद. मी पण हेच केलेलं. टर्मिनल वरून एकदम चकाचक, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक टक टक, इंजिन फिरेचना. मग क्लॅम्प (वायरच्या टोकाची पकड) काढून बघितला तर आतल्या बाजूने, जिथे तो बॅटरीच्या पोलला, म्हणजे वर आलेल्या खुंटाला, चिकटून बसतो ना तिथेच, काळपट राखाडी थर होता, नखाने खरवडला तर खाली चकचकीत धातू. करंट या आतल्या जागेतूनच जातो, त्यामुळे क्लॅम्प न काढता साफसफाई करणं ही सगळ्यात मोठी चूक.

काढताना क्रम चुकवू नका. इंजिन बंद, चावी काढून खिशात, अंगठी आणि घड्याळ बाजूला, आणि आधी मायनस सोडवा, मग प्लस. कारण गाडीची बॉडी मायनसला जोडलेली असते, प्लस आधी सोडवायला गेलात आणि पाना चुकून बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट, मोठी ठिणगी उडते. आणि चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो तो आजूबाजूला साचलेला असू शकतो, म्हणजे ठिणगी तिथे अजिबात नको. सिगारेट पण नको. लावताना उलटं, आधी प्लस, शेवटी मायनस.

कोरडं घासू नका प्लीज. ती पावडर म्हणजे शिसं आणि ॲसिडपासून तयार झालेलं सल्फेट (निळी झाक दिसते ती तांब्यामुळे), कोरडा ब्रश मारला की उडून डोळ्यात नाकात जाते. हातमोजे आणि चष्मा घाला, एक कप कोमट पाण्यात एक मोठा चमचा खायचा सोडा विरघळवा आणि जुन्या टूथब्रशने लावा. फसफसून फेस येतो, तो यायचा थांबला की तिथलं ॲसिड मारलं गेलं असं समजा, मग वायर ब्रशने पोल आणि क्लॅम्पची आतली बाजू घासा, साध्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडं करा. फक्त एक सांभाळा, पाणी भरायची झाकणं घट्ट असू देत, सोडा आत गेला तर आतलं ॲसिडच कमजोर होतं आणि बॅटरी वाया. कोल्ड ड्रिंक ओतायचा सल्ला पण खूप जण देतात, त्याने निघतं खरं, पण ते स्वतःच आम्लधर्मी आणि वर साखरेचा चिकटा राहतो, सोडा असताना कशाला.

पोल शिशाचा असतो, मऊ. कानस किंवा जाड पॉलिश पेपर मारून मारून तो बारीक होतो आणि मग क्लॅम्प कितीही आवळा, ढिलाच. क्लॅम्प हातोडीने ठोकून तर मुळीच बसवू नका, पोलच्या बुडाशी तडा जातो आणि तिथूनच ॲसिड झिरपायला लागतं. हाताने फिरवून हलला नाही म्हणजे पुरे आवळलाय. व्हॅसलीन लावायचं ते क्लॅम्प आवळून झाल्यावर, बाहेरून, पातळ.

सगळं करूनही थोड्याच दिवसांत परत फुललं तर नुसतं पुसत बसू नका. डिस्टिल्ड वॉटर खुणेच्या वर भरलंय का बघा, पोलच्या बुडाशी ओल आहे का बघा, आणि इंजिन चालू ठेवून मल्टीमीटर लावा: साधारण 13.7 ते 14.7 व्होल्ट ठीक, सतत 15 च्या वर जात असेल तर ओव्हरचार्जिंग होतंय, अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) मेकॅनिकला दाखवा.

आणि टर्मिनल स्वच्छ पण सेल्फ अजूनही जड? मीटरची एक पिन पोलवर, दुसरी क्लॅम्पवर धरा आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. आकडा जवळपास शून्य पाहिजे. 0.2 व्होल्टच्या वर गेला तर कनेक्शन अजून खराब आहे, क्लॅम्प परत काढा आणि वायरचं रबर थोडं मागे सारून बघा, आत तांबं हिरवं पडलं असेल तर घासून उपयोग नाही, वायरच बदलावी लागते.