गावात गप्पी मासे पैदास करायचे असतील तं हे आधी वाचा

दरवर्षी मृग लागला की आमच्या इकडं (साकोलीकडं, भंडारा जिल्हा) एकच तमाशा असतो, नाल्या तुंबतात, मच्छर वाढतात, मग कोणीतरी पीएचसीतून (प्राथमिक आरोग्य केंद्रातून) एक पिशवी गप्पी मासे आणतो, नालीत सोडताना फोटो काढतो आणि आठ दिवसांनी पाहा तं नालीत ना मासे ना फोटोवाले. मी पण दोनदा हेच केलं बाप्पा, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या वर्षी म्हटलं दर खेपेला मागून आणण्यापेक्षा सांदवाडीतच (घरामागच्या परसात) टाकं बांधून पैदास करू, आता चार वर्षं झाली, जमलं ते सांगतो आणि फसलं ते पण.

आधी मासा कोणता ते. मच्छराच्या अळ्या खाणारे दोन मासे सरकारी कामात चालतात, गप्पी आणि गंबुशिया. गंबुशिया १९२८ मध्ये इटलीतून आपल्या देशात आणला, तो खातो जास्त पण त्याला पाणी जरा बरं लागतं. गप्पी घाण पाण्यात पण तग धरतो म्हणून गावच्या कामाला गप्पीच बरा, एक मासा दिवसाला ८० ते १०० अळ्या खातो असं आरोग्यवाले सांगतात. सुरुवातीला पीएचसीत विचारा, बऱ्याच ठिकाणी पैदास केंद्राचं टाकं असतं. नाहीच भेटले तं शहरातल्या फिश टँकच्या दुकानातून साधे गावरान गप्पी घ्या, लांब शेपटीचे फॅन्सी नको, ते दिसायलाच देखणे. नर लहान आणि रंगीत, मादी मोठी, पोटाळ, राखाडी. एका नरामागं तीन-चार माद्या ठेवायच्या, मी ३० माद्या आणि ८ नरांवर सुरू केलं होतं.

कधी सुरू करायचं तं होळीच्या आसपास. मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्लं टाकते आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः पिल्लं टाकायला तयार होतात, म्हणजे होळीला सुरू केलं की मृगापर्यंत सोडायला पुरेसा माल हाती येतो. मे महिन्यात जागे झाले तं मग पुन्हा पिशवीच आणा.

टाकं सिमेंटचं असलं तरी चालते, जुनं असलं तं उत्तमच. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि मासे मरतात, म्हणून नवं टाकं दोन-तीन आठवडे पाणी भरून ठेवायचं, दर चार दिवसांनी उपसून परत भरायचं, मगच मासे. खोली कमरेपर्यंत पुरते. माझ्याकडं दोन टाकी आहेत आणि दोन पाहिजेतच, एकात मोठे आणि दुसऱ्यात पिल्लं, काहून ते पुढं येतेच. एकच टाकं असेल तं एक मोठा प्लास्टिकचा ड्रम आडवा कापून घ्या, काम भागते.

पाणी. इथं मी पहिल्या वर्षी सगळे मासे मारले. नळाला पाणी आलं, टाकं अर्धं झालेलं होतं, सरळ नळी लावून भरलं, सकाळी पाहतो तं सगळे पोट वर करून. त्या दिवशी गावच्या पाण्याच्या टाकीत ब्लिचिंग पावडर जरा जास्तच टाकली होती म्हणे. आता नळाचं पाणी दोन दिवस उघड्या ड्रममध्ये उन्हात ठेवतो मगच टाक्यात घेतो, विहिरीचं पाणी असेल तं ही भानगड नाही. पूर्ण पाणी कधीच बदलायचं नाही, आठवड्याला पाव भाग काढायचा आणि तेवढंच टाकायचं.

आता पिल्लांची गोष्ट. गप्पी अंडी देत नाही, सरळ जिवंत पिल्लं टाकते, म्हणून लोक म्हणतात हे तं सोपं आहे, पैदास आपोआप होते. होते ना, पण आईच पिल्लं गिळते, आणि बाकीच्या मावश्या पण. पहिल्या वर्षी दोन महिने मला कळेचना की माद्या फुगतात, बारीक होतात, पण आकडा काही वाढत नाही. उपाय एकदम साधा, भाजी धुवायची प्लास्टिकची जाळीची टोपली घ्या, भोकं अशी की पिल्लू निसटेल पण मादी नाही, ती पाण्यात अर्धी बुडवून बांधा आणि पोट चौकोनी दिसायला लागलेल्या (म्हणजे पिल्लं टाकायला आलेल्या) माद्या त्यात ठेवा. पिल्लू पडलं की भोकातून खाली जाते, खाली हायड्रिला (पाण्यातली वनस्पती) भरपूर टाकून ठेवलेली असली की लपते, मग जुन्या मच्छरदाणीच्या कापडाची गाळणी करून सकाळी पिल्लं दुसऱ्या टाक्यात. एक गंमत म्हणजे मादीची एकदा नराशी जोडी जमली की पुढच्या तीन-चार खेपा ती नर नसताना पण पिल्लं टाकते, म्हणून नर मेले तं घाबरू नका.

मागं मोबाईलवर नॉर्वेचा एक व्हिडिओ पाहिला तेव्हा हेच आठवलं. तिकडं समुद्रात जाळीचे मोठे पिंजरे टाकून सामन (सॅल्मन) मासा पाळतात, त्याच्या अंगाला उवेसारखा किडा चिकटतो, कातडी-रक्त खातो, औषधं मारून मारून किडा औषधालाच दाद देईना, म्हणून ते पिंजऱ्यात रास आणि लम्पफिश असे दुसरे मासे सोडतात, ते ह्या उवा टिपून खातात. आधी हे मासे समुद्रातून धरून आणायचे, मग समुद्रात कमी होतील म्हणून हॅचरीत पैदास सुरू झाली, पण रास मोठा व्हायला दीड-दोन वर्षं घेतो, लम्पफिश त्यामानानं लवकर होतो. लम्पफिशचा नर अंड्यांच्या गठ्ठ्याजवळ राखण करत बसतो, पाणी हलवत राहतो, आणि आपली गप्पी पाहा! पण तिथं पण रडगाणं तेच आहे, सोडलेले मासे पिंजऱ्यात ढिगानं मरतात, आता कुठं त्यांना लपायला प्लास्टिकची शेवाळं लटकवतात आणि वेगळं खाणं देतात. मासा म्हणजे फवारणीचं औषध नाही ना भाऊ, की ओतलं आणि निघून आले.

खायला फार काही लागत नाही. चिमूटभर भाताचा कोंडा, पाच मिनिटांत संपेल एवढाच, उरला की पाणी सडते. पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक कापडातून पिळून, तो पण अगदी थोडा. बाजूला एका बादलीत मुद्दाम अळ्या होऊ देतो आणि दोन-तीन दिवसाआड गाळून टाक्यात टाकतो, म्हणजे पिल्लांना अळी ओळखीची होते, फक्त त्या बादलीवर कापड बांधा, नाहीतर घरचेच लोक तुम्हाला बादलीसकट बाहेर काढतील. अंगावर कापसासारखी बुरशी दिसली तं जाडं मीठ, दहा लिटरला दोन चमचे. बेडूक, खंड्या आणि चतुराच्या अळ्या हे तिन्ही पिल्लांचे वैरी, टाक्यावर जाळी पाहिजेच. उन्हाळ्यात आपल्याकडं ४५ च्या वर जाते तेव्हा टाक्यावर ग्रीन नेट किंवा तट्ट्याची सावली, नाहीतर मासे शिजतील.

सोडायच्या आदल्या दिवशी खायला देऊ नका. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा, संध्याकाळी ऊन उतरल्यावर न्या, पिशवी बंदच ठेवून वीसेक मिनिटं त्या पाण्यावर तरंगू द्या, मग तोंड उघडा. किती सोडायचे तं पाण्याच्या एका चौरस मीटरला पाच ते दहा. जागा म्हणजे गुरांचा हौद, वापरात नसलेली विहीर, बांधकामाचं पाणी, नालीच्या शेवटचं थांबलेलं डबकं. वाहत्या नालीत सोडून उपयोग नाही, पहिल्या पावसात वाहून जातात. कुलरच्या टाकीत पण नको, एक पोट्टा टाकून बसला आणि पंपानं मासा ओढला, कुलर बंद अन घरात वास. कुलर आणि रांजण आठवड्याला एकदा कोरडे करा, डेंगीचा मच्छर तिथंच होतो आणि अंड्यापासून उडायला त्याला आठ-दहा दिवसच लागतात.

तलावात, बोडीत (लहान तळ्यात), नदीत सोडू नका, हात जोडून सांगतो. गप्पी बाहेरचा मासा आहे, एकदा शिरला की निघत नाही आणि आपल्या मासोळ्यांची अंडी-पिल्लं खातो, मालगुजारी (मालगुजारांच्या काळच्या जुन्या) तलावावर ढिवर (मासेमार) भावांचं पोट आहे. धानाच्या बांधीत (भाताच्या खाचरात) डोक्यावर चमकता ठिपका असलेली बारकी मासोळी वर तरंगत असते, ती फुकटात अळ्या खातेच, तिला तिचं काम करू द्या.

सोडण्याआधी नालीच्या दोन्ही बाजूच्या घरी जाऊन सांगा की जळकं तेल ओतू नका. आमच्याकडं गॅरेजवाला मच्छर मरावे म्हणून चांगल्या मनानं तेल टाकत होता आणि माझे मासे मरत होते, दोघंही आपापल्या जागी खुश, तीन आठवडे कोणाला काही कळलं नाही. फवारणीवाले येणार असतील तं त्यांना पण विचारून घ्या की ऑइल मारणार आहे का.

सोडल्यावर आठवड्यानं ओगराळं घेऊन जा, पाच ठिकाणचं पाणी घ्या, पांढऱ्या ताटलीत ओता आणि अळ्या मोजा, वहीत लिहा. नॉर्वेवाल्यांना तं मोजणं कायद्यानंच लागते, एका सामनवर सरासरी अर्ध्या मोठ्या मादी उवेपेक्षा जास्त चालत नाही. आपल्याला कायदा नाही, पण मोजलं नाही तं मासे आहेत की गेले ते कळतच नाही. अळ्या तेवढ्याच दिसल्या तं परत सोडा, पण आधी मेले कशानं ते शोधा.

आणि दिवाळीनंतर शे-सव्वाशे मासे काढून घरात ड्रममध्ये ठेवा. पौषात टाक्याचं पाणी एवढं गार होते की गप्पी एका रात्रीत जातात, माझ्या दुसऱ्या वर्षीच्या सगळ्या माद्या अशाच गेल्या. आता ड्रम चुलीच्या भिंतीला लागून असतो, आई रोज शिव्या देते आणि रोज चिमूटभर कोंडा पण तीच टाकते.